मोना कशाला बुजते

८ नोव्हेंबर, शनिवार

जनावरांच्या दवाखान्यातल्या इरावती मॅडमनी वही लिवायला लावली. "रोज लिहा," म्हणाल्या. "म्हैस कधी बुजली, तेव्हा समोर काय होतं, आवाज कसला होता, कोण उभं होतं." मी म्हटलं, मॅडम, बारावीनंतर मी लग्नपत्रिकेवर नावं सोडून काय लिवलेलं न्हाय. त्या हसल्या न्हाईत. म्हणून लिवालोय. अनूच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी हाईत. पोरगी शाळंला जातच न्हाय, तिला कुठं लागणार.

मॅडम रत्नागिरीच्या. आमचा पाडवा त्यास्नी ठाऊक न्हाय. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही कोल्हापूरवाले म्हशी नटवतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. मग मालक फटफटीवर पुढं आणि म्हस मागं पळत. दावं न्हाय, काठी न्हाय. मालकाच्या नुसत्या हाकंवर जी येती, ती म्हस खरी. तीन वर्सं माझी मोना पेठंत एक नंबर हुती. हुपरीहून तिच्या पायात चांदीचा तोडा करून आणलाय मी, बायकू बोंबलत हुती तरी.

औंदा बुलेटचा सायलेन्सर काढला. आठ वर्सांच्या अनूला पुढं टाकीवर बसवलं. कुणीतरी फटाक्याची माळ टाकली, मोना उधळून गाडीवर आली, आम्ही आडवं. अनूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला राग आला. मोनाला दोन काठ्या घातल्या. एवढंच झालं.

तवापासनं मोना माझ्या हाताला पान्हा सोडत न्हाय. जवळ गेलं की लाथ. आणि अनू घरामागल्या परड्यात पाय टाकत न्हाय. गोठा परड्यात, शाळंची वाट परड्यातनं. हाड जुळत आलंय, पोरगी जुळंना. आई म्हणती, "म्हस इक, पोरगी वाचंल." मी आईला संक्रांतीपर्यंतची मुदत मागितली. तवर दोघींचीबी भीती घालवून दावतो. न्हाय जमलं तर मोना जाईल.

मोनाला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलीय. तिची आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. हे मॅडमना सांगायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅडमनी समजावून सांगितलं. डोक्यात बदामासारखा एक लहान भाग असतोय. म्हशीच्याबी, माणसाच्याबी. जिवावर बेतलं की तो एका झटक्यात गाठ मारतो. त्या वक्ताला जे समोर असंल त्याला. आवाज असंल, वास असंल, कापडाचा रंग असंल. "कशाला गाठ मारली ते आपण ठरवायचं नसतं," म्हणाल्या. "आपल्याला वाटतं फटाका, आणि असतं भलतंच. एकेक गोष्ट वेगळी काढून बघा."

मी मनात म्हटलं, ह्यात बघायचं काय? फटाका वाजला, म्हस बुजली. शेंबड्या पोराला कळंल. पर मॅडम शिकलेल्या, आणि माझ्याकडं दुसरा इलाज न्हाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा घेतली. मी भिंतीआड लपलो. वर्षाराणीनं, म्हंजे माझ्या बायकूनं, बुलेट चालू केली. फाड फाड फाड! मोना रवंथ करत उभी. कान सुद्धा हलवला न्हाय. मग मोबाइलवर फटाक्याचा आवाज लावला. डोकं वर केलं, बघितलं, परत वैरणीत तोंड. घुंगरू वाजवलं. काय न्हाय.

मला एवढा आनंद झाला! भिंतीआडनं पळत आलो, हात वर करून वरडलो, "बघितलंस काय गं वर्षा!" आणि मोना मागं अशी सरकली की खुंटा हलला. डोळं पांढरं. उभ्या जागी मुतली.

कशाला बुजली काय कळंना. मागनं मांजर गेलं असंल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनी वही वाचली. वाचून झाल्यावर ती मिटून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, "विश्वजितराव, मांजर नव्हतं. तुम्ही होता. तुमचा आवाज आणि तुमचा वर गेलेला हात."

मी उठून आलो. रामराम बी घातला न्हाय. मला भिती म्हणं मोना! बाटलीनं पाजलीय मी तिला, थंडीत माझं घोंगडं तिच्या अंगावर घातलंय.

घरात येऊन आईला सांगितलं, वाटलं ती मॅडमला चार शिव्या घालंल. आई शेंगा फोडत हुती. मान वर न करता म्हणाली, "दोन काठ्या न्हवं लेका. काठी मोडली तवा थांबलास. आणि ते बी चौघांनी तुला धरला म्हणून. पोरगी रस्त्यात पडलेली. वर्षा पोरीकडं धावली, तू म्हशीकडं."

जेवलो न्हाय. आजपासनं ही वही मॅडमना दावायची न्हाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झोप न्हाय. खरं लिवतो. काठी मोडली हुती. मला आठवत न्हाय असं मी सगळ्यास्नी सांगितलंय, पर आठवतंय. मोना पळाली न्हाय. दावं नसताना उभी राहिली आणि मार खाल्ला. मी हाक मारली की थांबायचं, हे मीच शिकवलं हुतं की तिला.

सकाळी मॅडमकडं गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी म्हशीकडं मागायची. आणि ती शब्दांनी मिळत नाही."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासनं मॅडमनी सांगितलं तसं. गोठ्यात जायचं, मोनाकडं पाठ करून बसायचं. हात मांडीवर. बोलायचं तर हळू, देवळात बोलतात तसं. बाजूला सरकीची पेंड ठेवायची. ती आली तर आली. न्हाय आली तर उठून यायचं, राग करायचा न्हाय.

तासभर बसलो. आली न्हाय. माझा आवाज किती मोठा हाय हे मला आजच कळलं. हळू बोलाय गेलो तर घसाच बसल्यासारखा वाटतोय. आमच्यात कोण हळू बोलतंय? पावण्याला चहा घे म्हणायचं तरी गल्लीला ऐकू जातंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस झालं. आज तिनं मागनं येऊन माझ्या खांद्याला तोंड लावलं. मी हललो न्हाय. श्वास गरम गरम लागला मानंला. मी रडलो, कुणी बघितलं न्हाय.

दुपारी अनूला सांगितलं, "चल, मोना कशी शांत झालीय बघ." ती आजीच्या मागं. मी म्हटलं, "अगं चल की! काय खातीय काय ती तुला?" मग जरा आवाज चढवला. पोरीस्नी लई गोंजारलं की पोरी सोकावत्यात. अनू थरथराय लागली. वर्षा तिला आत घेऊन गेली. मोना सुधारली, ही कधी सुधारणार? रात्रंदिस तोच घोर लागलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मोनानं पान्हा सोडला! माझ्या हाताला! निम्मी बादली. आई म्हणाली पेढे वाट. मी फक्त मोनाच्या कपाळाला हात लावला, तोबी खालनं.

२ डिसेंबर, मंगळवार

सगळं मुसळ केरात. गोठ्यात शांत हाय म्हणून मोनाला रस्त्यावर काढली, गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायला. तिथं गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ताजं दूध द्यायचं, बापजाद्यापासनंचा धंदा. पाडव्याला पडलो त्या वळणावर आली आणि खांब झाली. मी हळू बोललो, पाठ केली, सगळं केलं. लाळ गळायला लागली तिची. परत आणली.

मॅडमना फोन केला. म्हटलं, वाया गेलं की वो सगळं. त्या म्हणाल्या, "वाया नाही गेलं. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवा धडा बसतो, एवढंच. तो धडा ती गोठ्यात शिकली, रस्त्यावर नाही शिकली. जागा बदलली की खालचं वर येतं. रस्त्यावरही पहिल्यापासून शिकवा."

मग विचारलं, "आणि मुलगी?" मी सांगितलं, ती अजून म्हशीला भिती. त्या म्हणाल्या, "तिच्या बाबतीतही एकेक गोष्ट वेगळी काढून बघितलीत का?" मी म्हटलं, त्यात काय बघायचं मॅडम, म्हशीनं पाडलं, म्हशीला भिती. त्यांनी लहान मुलांच्या मनाच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. खिशात ठेवलं. माझी पोरगी खुळी न्हाय.

९ डिसेंबर, मंगळवार

रोज पहाटं मोनाला वळणापर्यंत नेतो. काल दोन पावलं, आज पाच. तिथंच पेंड चारतो. लोक हसत्यात. "विश्वजित, म्हशीला मॉर्निंग वॉक काय?" हसू देत.

१४ डिसेंबर, रविवार

आई म्हणती, तू दुधाची किटली घेऊन कट्ट्यावर गेलास की अनू परड्यात येती. गोठ्याच्या दारात उभी राहून मोनाला मक्याची पानं टाकती. मला खरं वाटंना. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू, शेजारची पोर बघितली असंल.

तरी खात्री करावी म्हणून अनूला हाक मारली. "खरं काय गं? गेलतीस गोठ्यात? बोल की!" पोरगी पांढरीफटक. "न्हाय पप्पा." बघा! मी आईला म्हटलं, उगं आशा लावत जाऊ नकोस.

शाळंतनं बाईंचा फोन आलता. हजेरी न्हाय, अशानं वर्स जाईल म्हणाल्या. वर्स जाऊ दे, पोरगी दिवसाला चार शब्द बोलती. पाडव्याआधी तिची बडबड बंद करायला मी तिला चॉकलेट द्यायचो.

२१ डिसेंबर, रविवार

आजचा दिस आयुष्यात यायला नको हुता.

मोना आता वळण ओलांडून कट्ट्यावर जाती. मला वाटलं, वेळ आली. मोनाला उंबऱ्यासमोर आणून बांधली. अनूला वर्षानं धरून आणली. मी बाजूला उभा, हात मागं, एक शब्द न्हाय. मोनासाठीच गप हुतो. वर्षा म्हणाली, "बघ, मोना आलीय तुला भेटाय." आणि अनू गेली! आपल्या पायानं! एक पाऊल, दोन पावलं, हात पुढं. मोनानं मान खाली घातली. अनूनं तिच्या कपाळावर हात ठेवला. हसली. दोन महिन्यांनी हसली माझी पोरगी.

माझ्यानं राहवलं न्हाय. "शाब्बास रं माझ्या वाघा!" म्हणून टाळी वाजवली. मोनानं नुसतं शेपूट हलवलं, आणि अनू किंचाळून खाली बसली. कापडं ओली झाली. वर्षानं उचलली तर अंग लाकडासारखं.

शेपूट! नुसत्या शेपटानं एवढं? मग ही भीती जायची कशी? मी काय करू? कुणाच्या पाया पडू?

२४ डिसेंबर, बुधवार

अनूला ताप. खाईना. अंथरुणात मुतती. डॉक्टर म्हणाले तापाचं काय कारण दिसत न्हाय.

वर्षा म्हणाली, "अवो, एक सांगू? म्हशीचं न्हाय वो ते."

"मग कशाचं हाय?" मी वरडलो. डोकं ठिकाणावर न्हाय माझं. "कशाचं हाय ते तर सांग!"

तिनं अनूचं पांघरूण वर ओढलं. म्हणाली, "काय न्हाय. जाऊ दे."

हिचं हे असंच. अर्धं बोलायचं आणि गप बसायचं.

२८ डिसेंबर, रविवार

ठरवलं. संक्रांतीची वाट बघत न्हाय. उचगावच्या आकारामला फोन केला. म्हशींचा व्यापारी, सरळ माणूस. तिकडं कर्नाटकात एका गोठ्यावर देतो म्हणाला. भाव मी विचारला न्हाय.

मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "थांबा. मुलीला आधी दाखवा कुणालातरी." मी फोन ठेवला. माझ्या जागी त्या असत्या तर कळलं असतं. पोटची पोर डोळ्यासमोर वाळायलीय. एका बाजूला म्हस, एका बाजूला लेक. कुठल्या बापाला इचार करावा लागंल?

तरी मी दिसभर गोठ्यात बसून हुतो. मोना माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून रवंथ करत हुती.

३० डिसेंबर, मंगळवार

आकाराम टेम्पो घेऊन आला. बरोबर दोन माणसं. त्यांनी दावं धरलं आणि मोना अडली. चार पायांवर रोवून उभी. एकानं काठी उचलली. मी त्याचा हात धरला. म्हटलं, पावणं, काठी खाली ठेवा. मी चढवतो.

टेम्पोच्या फळीवर मी पुढं चढलो. पाठ केली. हात खाली. हळूच म्हटलं, "मोना, ये." आली. खडखडणाऱ्या फळीवर एक एक पाऊल टाकत आली आणि माझ्या खांद्याला तोंड लावलं. मी तिचं दावं कडीला बांधलं, खाली उतरलो. टेम्पो चालू झाला. फाड फाड आवाज केला इंजिननं, धूर सोडला. मोनानं कान सुद्धा हलवला न्हाय. रवंथ करत उभी हुती.

बुजायला पायजे हुती ती. एकदा तरी लाथ मारायची हुती. मी तिला शिकवलं की माझ्या हाकंवर आलं तर काय वाईट हुत न्हाय, आणि त्याच शिकवणीवर तिला चढवली. आकाराम म्हणाला, "लई गुणी म्हस हाय, विश्वजित." मी त्याच्याकडं बघितलं न्हाय.

अनूच्या कानावर काय घातलेलं न्हाय. ताप उतरलाय. उद्या आपसूक कळंल तिला, की आता भ्यायचं कारण न्हाय.

३१ डिसेंबर, बुधवार

आज कट्ट्यावर जायचं काम न्हवतं, तरी सवयीनं बाहेर पडलो. अर्ध्या वाटंतनं परत आलो. रिकाम्या हातानं तिथं जाऊन करणार काय?

परड्याचं दार उघडं. अनू गोठ्यात! एकटी! गव्हाणीपाशी उभी, हातात मक्याची चार पानं. मला काय झालं सांगता येत न्हाय. जितलो! मोना गेली ती वाया गेली न्हाय. माझी पोरगी सुटली! मी दोन्ही हात वर करून पळालो, "अनू! अगं अनू!"

ती वळली. मागं सरकली, भिंतीला टेकली. दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसली. काठी चुकवताना बसत्यात तसं. पायाखाली ओलं झालं.

गोठ्यात म्हस न्हवती. फटाका न्हवता, गाडी न्हवती. दुसरं कोणच न्हवतं.

मी तिला आजवर एक चापट मारलेली न्हाय. आईशपथ. बोट सुद्धा लावलेलं न्हाय.

माझे हात अजून वरच हुते. खाली घेतले. देवळातल्यागत हळू म्हटलं, "अनू, मोनाला भितीस न्हवं बाळा? मोना गेली. कायमची गेली."

ती हाताच्या आडनं म्हणाली, "मोना कुठं गेली? मी तिला पानं आणलोय. तुमी तिला परत मारलासा?"

वर्षा पळत आली. अनूला उचलून छातीशी धरली. मी म्हटलं, "कवापासनं येती ही गोठ्यात?"

"महिना झाला," वर्षा म्हणाली. "तुमी मोनाला गोठ्यात बांधून बाहेर गेलासा की रोज. मोनाच्या गळ्याला मिठी मारून बसायची. तिच्याशी तेवढी बोलायची."

आकारामला सात वेळा फोन लावला. आठव्यांदा उचलला. म्हस काल सांजलाच पुढं गेली, आता कुणाच्या गोठ्यात ते मलाबी ठाऊक न्हाय म्हणाला.

संध्याकाळी वर्षानं जेवाय वाढलं. अनू आतल्या खोलीत आजीला काहीतरी सांगत हुती, भराभर, पाडव्याआधी बोलायची तसं. मी ताट सरकवून उठलो, पाट वाजला, आणि आतलं बोलणं बंद झालं.

मी दारातनं बाहेर आलो. पायरीवर बसून लिवालोय. बऱ्याच वेळानं आत ती परत बोलाय लागलीय. मी आत जात न्हाय.